पहिल्या फेरीला किती जण?

तळमजला

पडदा जागेवर होता. दोरी ओढली की नीट बाजूला सरकत होता. फक्त पडद्यामागे कोनशिला नव्हती.

नम्रताने पडदा लावला आणि पुन्हा उघडला. भिंतीत चार भोकं, खाली फरशीवर चिमूटभर पांढरी भुकटी. काल संध्याकाळी इथे काळ्या ग्रॅनाइटचा दगड होता आणि त्यावर सोनेरी अक्षरांत आमदारसाहेबांचं नाव होतं.

नायगावातली ही संक्रमण इमारत क्रमांक तीन. राहणारे तिला नुसतं तीन नंबर म्हणतात. सात मजले, एक जिना, एक लिफ्ट. जुनी लिफ्ट भंगारात गेली, आमदार निधीतून नवी बसली आणि बसल्यापासून बंद राहिली. लोकार्पण व्हायचं होतं म्हणून. साहेबांची तारीख दोनदा ठरून हुकली, मग नागपूरचं हिवाळी अधिवेशन लागलं. आज साहेब एका दिवसासाठी मुंबईत आले होते. व्यायामशाळा, बाकडी, शौचालय, आणि शेवटी दुपारी ही लिफ्ट. संध्याकाळी निवडणुकीची घोषणा होणार अशी पक्की कुणकुण होती. घोषणा झाली की आचारसंहिता, आणि आचारसंहिता लागली की साहेबांच्या हातात कात्री नाही.

नम्रता साहेबांची पीए. वर्षअखेरीच्या कार्य अहवालात लिफ्टच्या फोटोसाठी एक पान मोकळं सोडलं होतं. लालबागचा छापखानेवाला सकाळपासून तिला फोन करत होता. पण तिचा जीव त्या पानात नव्हता. तिचे वडील सातव्या मजल्यावर राहत. नानांना एक दिवसाआड परळला डायलिसिस. राहुल आणि निलेश हे दोघे शेजारी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उतरवत आणि चढवत. नम्रता लग्न होऊन शीव कोळीवाड्याला गेलेली. ती फक्त फोनवर विचारायची, "बाबा, नीट उतरलात ना?" आज लिफ्ट सुरू झाली नाही, तर निकाल लागेपर्यंत तेच विचारत बसायचं होतं.

तिने साहेबांना फोन लावला.

"दगडाशिवाय कसला कार्यक्रम?" साहेब म्हणाले. मागे व्यायामशाळेचे ढोल वाजत होते. "आधी दगड शोध."

लिफ्टच्या स्टीलच्या दारावर लाल फीत आडवी ताणलेली होती. तिच्याजवळ सोसायटीचे सेक्रेटरी गुणाजी पहाऱ्यावर असल्यासारखे उभे होते.

"काका, फाटकातून कोण गेलं?"

"मांडववाले फाटकातच झोपलेले. विचार त्यांका. सकाळी नाना हेरंबाच्या आधारान टॅक्सीपर्यंत गेले, दूधवालो इलो. दगड घेऊन कोण गेला नाय."

"लिफ्टमध्ये?"

गुणाजींनी तिच्याकडे असं बघितलं, जणू तिने देवळात चपला घालून पाऊल टाकलंय. "फीत दिसता ना? माझी गाठ असा ती. माझ्याशिवाय कोणाक सुटाची नाय. आणि साहेबांच्या आधी लिफ्ट उघडूची कोणाची हिंमत?"

जिन्याच्या पहिल्या पायरीवर हेरंब बसला होता. कंत्राटदाराचा लिफ्ट मेकॅनिक, तिशीतला, बोलण्यापेक्षा नखं खाणारा. एक हात कमरेवर.

"काय झालं रे कमरेला?"

"लचकली, ताई." मग जरा थांबून, "दगड सापडला तर पहिल्या फेरीला किती जण चढणार?"

"तुला दगडाचं काही नाही, फेरीचं पडलंय? नेहमीसारखे सगळे. साहेब, पदाधिकारी, फोटोवाले. का?"

"नाही. असंच."

पहिला मजला

इथे काही घडलं नाही, असं त्या सकाळी सगळ्यांचं मत होतं. नम्रताही इथे थांबली नाही. म्हणून हे प्रकरण एवढंच.

दुसरा मजला

दौलतच्या दारात साहेबांचं यंदाचं कॅलेंडर लटकत होतं, पुढच्या वर्षीच्या पाचशे प्रती आत सोफ्यावर. शाखेत वीस वर्षं घासलेला माणूस, आणि कोनशिलेवर त्याचं नाव नाही. काल त्याने गुणाजींसमोर मोठ्याने म्हटलं होतं की हा दगड भिंतीवर टिकणार नाही.

"म्हटलं होतं," दौलत म्हणाला. "रागात होतो. माझ्या हाताखालच्या पोराचं नाव आहे त्यावर, माझं नाही. तू असतीस तर काय आरती ओवाळली असतीस?"

"मग चोरलीत?"

"ताई, मला चोरायचीच असती ना, तर माझं नाव कोरून परत लावली असती." तो हसला, आणि हसू अर्ध्यावर सोडून म्हणाला, "चोरणाऱ्याला पाटीवरच्या नावांचा राग असता तर त्याने डांबर फासलं असतं. हातोडा मारला असता. इथे चार स्क्रू सुबक काढलेत, पडदा परत लावलाय. रागावलेला माणूस पडदा लावतो का?"

नम्रताला ते पटलं. राग नाही. मग काय?

तिसरा मजला

राहुलने दार उघडलं तेव्हा बॅग अजून पाठीवरच होती. केसांत प्रवासाची धूळ.

"नम्रता? ये ना. आत्ताच उतरलोय. मालवणला गेलो होतो, गावची जत्रा. आई आठ-दहा दिवस सोडेचना. खाजं खाणार?"

"आज सकाळी तू नव्हतास इथे?"

"सकाळी मी पनवेलला चहा पीत होतो. का, काय झालं?"

तिने खाज्याचा एक तुकडा घेतला आणि तो हातातच राहिला. राहुल आठ-दहा दिवस गावी. निलेश साहेबांच्या फायली सांभाळायला अधिवेशनभर नागपुरात, हे तर तिनेच ठरवलं होतं.

"राहुल, मग बाबांना खाली कोण उतरवतं?"

"मला वाटलं तू कोणाला तरी सांगून ठेवलंयस."

चौथा मजला

कुलूप. कुलूप. कुलूप. चौथं दार उघडं, पण आत फक्त टीव्ही बोलत होता, आणि टीव्ही म्हणत होता की घोषणा चार वाजता.

पाचवा मजला

"जयभीम, सुंदरामावशी."

"जयभीम. बस आधी, धापा टाकतेस. हे मी रोज दोनदा करते. तुझ्या साहेबाला सांग."

सुंदराबाईंनी मागच्या आठवड्यात खाली भर सभेत सांगितलं होतं की तो दगड त्या फोडतील. गिरणी संपाच्या काळात मोर्चात पुढे असायच्या. आवाज अजून तसाच.

"मावशी, दगड तुम्ही काढलात का?"

"मी काढला असता तर लपवला नसता गं. मधोमध रस्त्यावर ठेवून त्याच्यावर बसले असते." त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. "लिफ्ट तयार, आम्ही जिन्यावर. का, तर साहेबाने हात लावला नाही म्हणून. आम्ही कोणी हात लावला तर बाटते का ती?"

नम्रताने तांब्या खाली ठेवला. मांडणीवर स्टीलची भांडी चकचकत होती. त्यातलं एक ताट पुढे सरकलेलं होतं, आता पडेल असं. तिने ते मागे लोटलं.

"ते सरकतं," सुंदराबाई म्हणाल्या. "माझा भुताखेतावर विश्वास नाही. पण ही भिंत गुणगुणते. पहाटे एकदा, दुपारी एकदा. भांडी हळूहळू पुढे येतात."

"रोज?"

"रोज नाही. एक दिवसाआड."

नम्रताने भिंतीवर हात ठेवला. भिंतीपलीकडे लिफ्टची पोकळी होती.

पाचवा आणि सहावा यांच्या मध्ये

इथे मजला नाही. जिना वळतो, खिडकीला जाळी आहे, जाळीतून नव्या टॉवरांच्या क्रेन दिसतात. नम्रता पायरीवर बसली. खाली जायचं नव्हतं आणि वरही जाववत नव्हतं.

भिंत एक दिवसाआड गुणगुणते. नाना एक दिवसाआड डायलिसिसला जातात. त्यांना उचलणारे दोघेही मुंबईत नाहीत. म्हणजे बंद असलेली लिफ्ट बंद नव्हती.

पण गुणाजींची गाठ शाबूत. फीत शाबूत.

फीत फक्त तळमजल्यावर. बाकीच्या मजल्यांवर लिफ्टला कोणी फीत बांधली नव्हती. कोण बांधणार, तिथे साहेब येणार नव्हते. पहिल्या मजल्यावर दार उघडायचं आणि एक जिना धरून धरून उतरायचा. एक जिना नानांना जमतो.

दगडही तसाच गेला. चार स्क्रू काढून, एक जिना चढवून, पहिल्या मजल्याच्या दारातून आत. मग लिफ्ट पुन्हा खाली, फितीच्या मागे. दगड इमारतीबाहेर गेलाच नाही. तो अशा जागी होता जिथे हात लावायची कोणाची छाती नव्हती. कोनशिला मिळाल्याशिवाय फीत कापायची नाही. फीत कापल्याशिवाय लिफ्ट उघडायची नाही. आणि कोनशिला लिफ्टमध्ये.

लिफ्टची चावी एकाच माणसाकडे. त्या माणसाची कंबर आज लचकलेली.

आता एकच उरलं होतं. का? तिने नानांना फोन लावला. मागे डायलिसिसच्या यंत्राची टिकटिक ऐकू आली.

"बाबा, आज खाली कसे उतरलात?"

"उतरवलं पोरांनी."

"राहुल आजच गावाहून आला. निलेश नागपूरला आहे."

टिकटिक चालू राहिली.

"हेरंबला काही होता कामा नये," नाना म्हणाले. "डोकं माझं होतं. त्याने फक्त उचललं. मी पायरीवर बसून कोणी येतंय का बघत होतो."

"पण का? तुमच्यासाठी मी या लिफ्टच्या मागे लागले. निधीत बसवून घेतली."

"तीन माणसं असली तर ती लिफ्ट बरी चालते. मी, हेरंब, एखादी पिशवी. जास्त भार आला की ब्रेक सरकतो. त्याचा एक भाग यायचाय. हेरंबने रिकामी लिफ्ट तपासून पास करणाऱ्यांना सांगितलं, कंत्राटदाराला सांगितलं. तुझ्या ऑफिसलाही सांगितलं."

"ऑफिसात कोणाला?"

"तुला गं. तू म्हणालीस, आधी कार्यक्रम होऊ दे, मग काय ते कर."

तिला आठवलं. ती तेव्हा नागपूरची तिकिटं काढत होती.

"मला सांगायचं होतं बाबा. सरळ."

"सांगितलं असतं तर तू त्याच क्षणी लिफ्टला कुलूप घातलं असतंस. घातलं असतंस की नाही? मग मी सातव्या मजल्यावर बसलो असतो खिडकीत, क्रेन मोजत. म्हटलं, कार्यक्रम तेवढा हुकवू. आचारसंहिता लागेल, साहेब दुसरीकडे धावतील, तो भाग येईल, हेरंब गुपचूप बसवेल. एकदा लिफ्ट धड झाली की बिनफितीची सुरू झाली तरी कोण विचारतंय? तोवर मी माझा पहाटे जाईन, दुपारी येईन." ते थांबले. "तू काही सापडलं नाही म्हण. दोन-चार दिवस चोर शोधतील आणि विसरतील."

डाव चांगला होता. ती गप्प बसली, तर चालणारही होता. तेवढ्यात दुसरा फोन वाजला. साहेब.

"नम्रता, दगडाचं सोड. वेळ नाही. फ्लेक्सवर छापून घेतलंय, भिंतीला चिकटवू. फीत कापायची, सगळ्यांनी आत, फोटो, निघायचं. मी शिवाजी पार्कपाशी आलोय."

पुन्हा तळमजला

ढोल आधी आले, मग झेंडे, मग साहेब. जॅकेटवर सकाळपासूनच्या सगळ्या कार्यक्रमांचा गुलाल. तेच मखमली ताट, तीच कात्री, नारळ मात्र नवा. मागून पदाधिकारी, त्यांचे मित्र, मित्रांची मुलं. सगळ्यांचे डोळे त्या दारावर. पहिल्या फेरीत जो आत, तो अहवालातल्या फोटोत.

नम्रता साहेबांच्या कानाशी गेली. "साहेब, कोनशिला सापडली."

"कुठे?"

"लिफ्टमध्ये. पण त्याआधी ऐका. या लिफ्टमध्ये तीनपेक्षा जास्त माणसं चढवू नका."

साहेब थकलेले होते पण मूर्ख नव्हते. त्यांनी आवाज खाली आणला. "तीन म्हणजे मी आणि दोन?"

हे 'दोन' मागच्यांनी ऐकलं. दौलत पुढे सरकला. दौलतच्या हाताखालचा पोरगा त्याच्याही पुढे. गुणाजी म्हणाले, सोसायटीचो माणूस हवोच. कंत्राटदार गर्दीतून वाट काढत आला आणि हसला.

"मॅडम, तेरा पॅसेंजर लिफ्ट आहे. आतमध्ये लिहिलंय."

"पूर्ण वजनाची चाचणी झाली?"

"पास झालीय."

"रिकामी," हेरंब म्हणाला. सगळ्यांनी वळून बघितलं. तो जिन्याच्या पायरीवरून उठला होता, हात अजून कमरेवर.

"तू गप रे," कंत्राटदार म्हणाला.

नम्रताला दिसत होतं की आता बोललं तर काय होणार. लिफ्ट बंद पडणार, सगळ्यांसमोर, कायदेशीर. पहाटेच्या फेऱ्या संपणार. नाना वर अडकणार. आणि नाही बोललं तर ही सगळी माणसं, मुलांसकट, आत घुसणार.

"साहेब, वाळूच्या गोणी आहेत," ती म्हणाली. बांधकामातून उरलेल्या गोणी जिन्याखाली रचलेल्या होत्या. "तुम्ही फीत कापा. फोटो होऊ दे. पण पहिल्या फेरीला माणसं नकोत. तेवढ्या वजनाच्या गोणी जाऊ देत. लिफ्ट नीट वर गेली, तर तुमच्या हाताखालची माझी नोकरी मी इथेच सोडते."

"अशुभ बोलू नकोस," साहेब म्हणाले, आणि कात्री उचलली.

फीत तुटली. टाळ्या. दार उघडलं. आत फरशीवर काळा दगड आडवा पडला होता, आणि छताच्या दिव्यात साहेबांचं नाव झगझगत होतं. कोणी हसलं, कोणी मोबाइल पुढे केला. साहेब दगडाकडे बघत राहिले. मग त्यांची नजर हेरंबच्या कमरेवर गेली, तिथे जराशी थांबली, आणि नम्रतावर आली.

"कोणी ठेवला, हे मी विचारू का?"

"गोणी जाऊ देत, साहेब. मग विचारा."

गोणी दगडावर रचल्या गेल्या. राहुलने मोजून तेरा माणसांचा अंदाज धरला. हेरंबने आत हात घालून वरच्या मजल्याचं बटण दाबलं आणि हात मागे घेतला. दार मिटलं.

मजला नाही

लिफ्ट वर निघाली. दारावरचा आकडा एक झाला, दोन झाला, तीन झाला. दौलत म्हणाला, "बघा, चालली की."

मग आवाज आला. जड कपाट फरशीवरून ओढत नेल्यासारखा. आकडा तीनवर अडखळला आणि पुन्हा दोन झाला. वर कुठेतरी एक धक्का बसला, इतका की पडद्याची दोरी हलली. मग काहीच नाही.

आकडा विझला.

प्रत्येक जण मनातल्या मनात त्या पेटीत कुठे उभा असता ते बघत होता. दौलतच्या हाताखालच्या पोराने आपल्या मुलीला उचलून घेतलं. कंत्राटदार फोन कानाला लावून फाटकाकडे चालू लागला. फोन वाजला नव्हता.

"दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये अडकली," हेरंब म्हणाला.

साहेबांनी घाम पुसला, गुलालाचा पट्टा कपाळभर पसरला. "दगड कोणी ठेवला, ते मी विचारत नाही," ते नम्रताला म्हणाले. "पण आता माझं नाव कुठे आहे?"

"अधांतरी, साहेब."

जिना

नेमकी तेव्हा फाटकाशी टॅक्सी थांबली. नाना उतरले, दंडाला पट्टी, खांद्यावर शाल. त्यांनी तुटलेली फीत बघितली, विझलेला आकडा बघितला, मुलीचा चेहरा बघितला. सगळं कळलं.

"बोललीस तर," ते म्हणाले.

"बोलले, बाबा."

"बरं केलंस." मग त्यांनी वर, जिन्याच्या पोकळीकडे मान केली. सात मजले. डायलिसिसहून आलेल्या माणसाला पहिली पायरीसुद्धा उंच दिसते. "आता मी राहायला कुठे जाऊ, तेवढं सांग."

नम्रताने त्यांच्या हातातली पिशवी घेतली. राहुल प्लास्टिकची खुर्ची घेऊन आला. नाना बसले. राहुलने मागचा एक पाय धरला, दौलतने दुसरा. पुढे गुणाजी वाकले. हेरंब कमरेमुळे उपयोगाचा नव्हता. एक पाय रिकामा राहिला.

फोटोवाला साहेबांच्या कोपराला लागला. "साहेब, हा घेऊ. लिफ्टपेक्षा भारी येईल."

साहेबांनी जॅकेटच्या बाह्या सरकवल्या आणि चौथा पाय धरला. फ्लॅश पडला. एक पायरी, दोन पायऱ्या, पुन्हा फ्लॅश. टाळ्या वाजल्या. नम्रता खुर्चीच्या मागे, हातात नानांची पिशवी. पहिल्या वळणावर फोटोवाल्याला जागा उरली नाही, तो मागे राहिला. टाळ्याही तिथेच राहिल्या. जिना अरुंद, एका बाजूला भिंत, एका बाजूला कठडा, मध्ये खुर्ची आणि चार माणसं, एकमेकांच्या श्वासात.

"नाना, वजन बरंच आहे तुमचं," साहेब म्हणाले.

"डायलिसिसनंतर कमी असतं. जाताना बघा."

पहिला मजला गेला. दुसऱ्यावर साहेबांचा श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये भिंतीपलीकडून करकर आली. तिथे दगड होता. साहेबांच्या खिशात फोन थरथरला. थांबला, पुन्हा थरथरला. चार वाजले असावेत. साहेबांनी हाताकडे बघितलं, पण हात मोकळा नव्हता.

"दौलत, जरा बदल रे. मी फोन घेतो. तो महत्त्वाचा आहे."

"माझा पाय कोण धरणार, साहेब?"

"मग खाली ठेवा थोडं."

गुणाजी पुढची पायरी चढले. राहुल मागून खुर्ची रेटत राहिला. वरच्या कठड्यावरून सुंदराबाई वाकून बघत होत्या. नानांनी मान वळवून साहेबांच्या गुलालाच्या चेहऱ्याकडे बघितलं, अगदी जवळून, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"मध्ये ठेवता येत नाही, साहेब," नाना म्हणाले. "इथे जागा नाही. वरपर्यंत न्यावं लागतं."